चिंध्यांवर छापलेला नाच

वरवट बकालच्या चौकात तुम्ही उभे आहात. पौषातली सकाळ, ऊन अजून कोवळं. शेगावहून निघालेली एसटी पूर्णेचा पूल ओलांडून आत्ताच येऊन थांबली आहे. उतरलेल्यांपैकी कोणी संग्रामपूरच्या, कोणी जळगाव जामोदच्या गाडीची वाट बघत टपरीकडे वळलंय. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. चहात साखर भरपूर आहे, तरी शेवटच्या घोटाला जिभेवर खारट चव रेंगाळते. हा खारपाणपट्टा आहे, इथल्या पाण्याची चव साखरेनं झाकत नाही.

गावाच्या नावातला 'बकाल' तुम्हाला खटकला असेल. बकाल म्हटलं की आपल्याला ओंगळ, अवकळा आलेलं काहीतरी आठवतं. मूळ अरबी 'बक्काल' मात्र साधा दुकानदार आहे, धान्य-किराणा विकणारा. शब्दांचीही पत घसरते, आणि ती कोणी घसरवली याची कुठे नोंद नसते. एवढं लक्षात असू द्या.

टपरीच्या मागे फ्लेक्स लागलाय. लावणीचा कार्यक्रम, आज रात्री ९ वाजता. मधोमध नऊवारीतली बाई, एक पाय उचललेला, हात कमरेवर. तिच्या भोवती शुभेच्छुकांचे गोल फोटो. मोजलेत तर अकरा भरतात, प्रत्येकाखाली नाव, आडनाव, पद. अगदी तळाशी बारीक अक्षरात फ्लेक्स छापणाऱ्याचा मोबाईल नंबर. बाईच्या पायाशी नुसतं 'लावणीसम्राज्ञी'. नाव नाही.

एवढ्यात कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली चौकातून वळते. रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लोंबत राहतात. वेचणीच्या दिवसांत इथल्या सगळ्याच रस्त्यांना ही अशी पांढरी झालर लागते. तुम्ही एक पुंजका काट्यातून सोडवून घेता. चिमटीत सरकी लागते, टणक, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. डोळे मिटून ती बोटांमध्ये फिरवा.

डोळे उघडता तेव्हा टपरी नाही. डांबर नाही. घोटाभर धूळ आहे आणि बाभळी तेवढ्या तशाच आहेत. साल १८७०.

कापसाच्या बंड्यांची ओळ दक्षिणेकडे चाललीय. सतरा वर्षांपूर्वी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, तेव्हापासून सारा गोरा साहेब ठरवतो. हा भाग अजून अकोला जिल्ह्यात मोडतो. बुलढाण्यात जायला १९०५ उजाडायचं आहे. एका बंडीवरचा म्हातारा तुम्हाला बघून बैलांची येसण खेचतो.

"कुठीसा चालला बापू? बस मांगं."

तुम्ही कापसावर चढून बसता. ऊब लागते, नाकाला बारीक तंतू हुळहुळतात. खामगावचा बाजार गाठायचा आहे. मागे हाच कापूस बैलांच्या पाठीवर लादून आठवडेच्या आठवडे मिर्झापूरच्या वाटेनं जायचा. मग मुंबईची रेल्वे वऱ्हाडात आली, आणि याच मार्चमध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा फाटा सुरू झाला. तेरा किलोमीटरसुद्धा भरत नाही, पण उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय, लॉर्ड मेयो, येऊन गेला. एवढ्याशा फाट्याला एवढा मोठा पाहुणा, यावरून या पांढऱ्या मालाचं वजन ओळखा.

"आबा, कुठं जातो हा कापूस?"

"सायबाच्या देशात जाते म्हनतात. आता तिथं लोकं किती कपडे घालतात, त्यायलेच मालूम." म्हातारा बैलाच्या शेपटीला हात लावतो. "मांगं पाच-सात सालं भाव असा चढला होता बापू, का लोकायनं बैलायले नवी झूल केली. मंग एकाएकी पडला. कोनी म्हने तिकडं लढाई होती, ते संपली."

म्हातारा म्हणतो ते खरं आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला. तोवर त्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातांनी वेचलेला, येत होता. ती जागा भरायला मुंबई धावली आणि मुंबईच्या पाठीमागे वऱ्हाड. १८६५ मध्ये लढाई थांबली, भाव कोसळले आणि मुंबईतल्या शेअरवाल्यांचं दिवाळं वाजलं. या बंडीवरच्या म्हाताऱ्यानं न पाहिलेल्या देशातल्या, त्याच्यासारख्याच वेचणाऱ्यांच्या जिवावर बेतलेल्या लढाईनं त्याच्या बैलांना झूल चढवली आणि उतरवलीही.

खामगावच्या बाजारात तुम्ही दाबून बांधलेल्या गाठीला हात लावता. दगडासारखी घट्ट. डोळे मिटा. आता आणखी बावीस वर्षं मागे जायचं आहे.

ओला गारवा, कोळशाचा वास. १८४८ चा उन्हाळा, आणि हे लंडन. याला उन्हाळा म्हणायचं, हे तुमच्या वऱ्हाडी अंगाला पटायला वेळ लागतो.

एका बोळातून चिंध्यावाला गोणी ओढत चाललाय. जुने सदरे, फाटक्या चादरी, झिजलेले परकर, घराघरातून गोळा केलेले. त्याच्या मागे जा, म्हणजे या शहरातला कागद कशाचा होतो ते कळेल. लाकडाच्या लगद्याचे दिवस अजून यायचे आहेत. कागदाच्या गिरणीत बायका रांगेनं उभ्या राहून चिंध्यांची बटणं, शिवणी कापून टाकतात. मग त्या चिंध्या उकळतात, कुटतात, त्यांची लापशी होते, ती जाळीवर पसरते आणि वाळली की कागद. तागाच्या चिंध्या असतात, तशा सुताच्याही. म्हणजे मिसिसिपीकाठी कोणा गुलाम बाईनं वेचलेलं बोंड मँचेस्टरला कापड झालं, कोणाच्या तरी अंगावर झिजलं, इथे कागद झालं. आता ते भिंतीवर चढणार आहे.

समोरच भिंतीवर चढतंय. एक पोरगा शिडीवर, हातात खळीची बादली, रुंद कुंचला. सपासप दोन हात मारून लांबट अरुंद कागद चिकटवतो आणि शिडी उचलून पुढे जातो. तुम्ही जवळ जा. शाई अजून पुरती वाळलेली नाही, बोट लावलंत तर काळं होईल.

व्हॉक्सहॉल बागेतल्या खेळाची जाहिरात. अक्षरं अशी की एका ओळीचं वळण दुसरीला नाही: एक ओळ जाड आणि बुटकी, दुसरी उंच आणि हडकुळी, तिसरीला सावली. 'इथिओपियन सेरेनेडर्स' नावाची अमेरिकन मंडळी आलीय. इथिओपियाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. गोरी माणसं आहेत. जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या माणसाचं सोंग काढतात, बँजो वाजवतात, दक्षिणेतल्या मळ्यांवरचा गुलाम कसा सुखात नाचतो-गातो ते दाखवतात. मिन्स्ट्रेल शो म्हणतात याला. या ताफ्यात एकच जण खरोखरीचा काळा आहे, आणि गर्दी त्याच्यासाठीच येते.

त्याचं नाव विल्यम हेन्री लेन. वय तेवीसच्या आसपास. भिंतीवर शोधा बघू ते नाव. मिळणार नाही. तिथे आहे 'बोझचा ज्युबा'. बोझ म्हणजे चार्ल्स डिकन्स, हे त्याचं लिहिण्याचं नाव. डिकन्स १८४२ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स नावाच्या गरीब वस्तीत गेला असताना तिथल्या तळघरात एका काळ्या पोराचा नाच बघून चकित झाला आणि त्यानं तो प्रवासवर्णनात लिहून ठेवला. तो पोरगा हाच, असं जाहिरात सांगते. म्हणजे नाचणाऱ्याची ओळख काय, तर त्याला बघून गेलेल्या लेखकाचा तो. आपल्याकडे जत्रेतल्या बैलाला पाटलाचा बैल म्हणतात, तसं.

नजर खाली, अगदी तळाशी न्या. तिथे बारीक टायपात छापणाऱ्याचं नाव आणि पत्ता आहे. ती काही हौस नाही, कायदा आहे. राजद्रोही पत्रकांच्या धाकानं इंग्लंडच्या सरकारनं १७९९ पासून छापील कागदावर मुद्रकाचं नाव सक्तीचं केलं. हिंदुस्थानातही १८६७ मध्ये तसाच कायदा होईल. कागद कोणी छापला हे सरकारला कळलंच पाहिजे. त्यावर नाचतंय कोण, हे कळण्याची कोणाला निकड नाही.

आत चला, आता आलाच आहात. दिव्यांच्या माळा, माणसांचा गलका. बँजोची तार वाजते आणि लेन पुढे येतो. पहिल्या क्षणी तुम्हाला पाय दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. टाच, चवडा, पुन्हा टाच, मधेच घासून ओढलेला तळवा. आयर्लंडच्या गावनाचाची पावलं आहेत, त्यात आफ्रिकेहून आलेला ताल मुरलेला. तुमच्या कानाला ढोलकीची सवय. तुम्ही नकळत ढोलकीवाला शोधता आणि मग लक्षात येतं की ढोलकी जमिनीवर आहे आणि तो ती पायांनी वाजवतोय. पुढे ज्याला टॅप म्हणतील त्या नाचाच्या मुळाशी हे पाय आहेत. ऑगस्टमध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' त्याचं चित्र छापणार आहे. टाळ्या पडताहेत. तुम्हीही वाजवताय.

टाळ्यांच्या आवाजातच डोळे मिटा. चार वर्षं मागे, समुद्रापलीकडे.

न्यूयॉर्क, जुलै १८४४. तुम्ही छापखान्यात आहात. घोड्यावर लाकडी खिळे मांडलेत, वीतभर उंचीचे. याच शहरात डॅरियस वेल्स नावाच्या माणसानं १८२७ मध्ये लाकूड कोरायचं यंत्र वापरून असे मोठे खिळे स्वस्तात पाडायला सुरुवात केली. शिशाची एवढी मोठी अक्षरं जडही व्हायची आणि महागही. जुळारी एक-एक अक्षर उचलून ओळ भरतोय. अक्षरं उलटी आहेत, तरी मजकूर लागतो: बोवरी ॲम्फीथिएटरमध्ये सामना, दोनशे डॉलरची पैज, जॉन डायमंड विरुद्ध ज्युबा.

डायमंड गोरा आहे, काजळी फासून नाचतो. त्याच्या नावामागे 'अस्सल' असं विशेषण जुळवलंय. ज्युबाच्या मागे 'काळा पोरगा'. जरा थांबून वाचा. काळ्याचं सोंग घेणारा अस्सल, आणि जो काळा आहे तो नुसता पोरगा.

अशाच सामन्यांतून ज्युबा जगातला सर्वांत मोठा नाच्या ठरला आणि पुढल्याच वर्षी एका गोऱ्या ताफ्यानं त्याचं नाव जाहिरातीत सगळ्यांच्या वर घातलं. त्या जाहिरातीत कबूल केलेला खेळ ऐका. ज्युबा आधी नावाजलेल्या सगळ्या 'इथिओपियन' नाचणाऱ्यांच्या नकला करून दाखवील, आणि शेवटी स्वतःची नक्कल करील. काळ्या माणसाची नक्कल करणाऱ्या गोऱ्यांची नक्कल करणारा काळा माणूस. ती सोंगं एकावर एक उतरवून झाल्यावर आत उरतं काय, तर तेही नक्कल म्हणूनच विकायचं. प्रेक्षक पोट धरून हसले असतील. लेनच्या चेहऱ्यावर काय होतं ते कागदावर छापत नाहीत.

छापखान्याच्या फळीवर ठसे आहेत, लाकडात कोरलेली चित्रं. एक उचला. फाटका कोट, वाकलेला गुडघा, एक हात कमरेवर, दुसरा हवेत. हा 'जिम क्रो', टॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटानं लोकप्रिय केलेलं सोंग. या सोंगाचं नाव पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या, वेगळं पाणी पाजणाऱ्या कायद्यांना चिकटेल. ठसा कुठल्या एका माणसाचा नाही. नाचणारा कोणीही असो, हाच चालतो.

दक्षिणेतल्या छापखान्यांत आणखी एक तयार ठसा असतो. खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, एक पाय उचलून चाललेला काळा माणूस. पळून गेलेल्या गुलामाला पकडून देण्याच्या जाहिरातीत तो लावायचा. दोन्ही आकृत्या मनात शेजारी ठेवून बघा. दोघांचाही एक पाय उचललेला. एक नाचतोय, एक पळतोय. चेहरा दोघांनाही नाही.

आणि गाण्यांच्या पुस्तिकांवरची चित्रं बघा. वरच्या अंगाला कडक कॉलरचे, नीट भांग पाडलेले गोरे गृहस्थ, खाली तेच काळे होऊन तोंड फाकवलेले. गिऱ्हाइकाला दिलासा पाहिजे ना, की काजळी धुतली की निघते.

लेनची काजळी धुण्यासारखी नव्हती. तो तिशीही न गाठता इंग्लंडमध्येच वारला. आता पुढे यायचं, तीस वर्षांना एक कमी.

कलकत्ता, १८७३. मुंबईहून इथवर सलग आगगाडी येऊ लागून तीन वर्षं झालीत. तीही त्या खामगावच्या फाट्याबरोबरच, मार्च १८७० मध्ये जोडली गेली. भिंतीवर पुन्हा तीच अंगकाठी, लांबट अरुंद कागद. पण मजकूर वाचून तुम्ही हसता, कारण तो तुम्हाला कळतो: 'डेव्ह कार्सन साहेब का पक्का तमाशा'.

कार्सन अमेरिकन मिन्स्ट्रेलवाला. १८६१ मध्ये, म्हणजे तिकडे लढाई पेटली त्याच वर्षी, तो हिंदुस्थानात आला आणि इथेच रमला. काळ्या गुलामाचं सोंग इथल्या साहेबलोकांपुढे किती दिवस चालणार? त्यानं गिऱ्हाईक ओळखलं आणि मोडकं इंग्रजी बोलणारा बंगाली बाबू उभा केला. साहेब-मडमा खो खो हसल्या. कापसाची जागा वऱ्हाडानं भरून काढली, तशी थट्टेची जागा बाबूनं.

मग त्याच भिंतीवर दुसरा कागद लागतो: 'मुस्तफी साहेब का पक्का तमाशा'. अर्धेंदुशेखर मुस्तफी, नुकत्याच निघालेल्या नॅशनल थिएटरचा नट. आता सोंग साहेबाचं आणि हसणारे बंगाली. न्यूयॉर्कच्या लेनला स्वतःचीच नक्कल करावी लागली होती. मुस्तफीनं नक्कल उलटी फिरवली, आणि जाहिरातीत नाव स्वतःचं लावलं.

दोन्ही कागदांवर शब्द मात्र एकच, आपला: तमाशा. हाही अरबीतून फारसीवाटे आलेला. मुळात चालता-फिरता बघणं, मग बघण्यासारखं काही, मग ढोलकी-तुणतुण्याचा फड. आणि शेवटी घरोघरी ऐकू येणारं 'तमाशा करू नकोस'. बकाल शब्दाच्या वाटेनं हाही शब्द गेला. फडात नाचणाऱ्या-गाणाऱ्या महार, मांग, कोल्हाटी माणसांच्या कलेवर गाव रात्रभर दौलतजादा करायचं आणि सकाळी त्यांच्या हातचं पाणी प्यायचं नाही. शब्दाची पत तिथे घसरली.

आता घरी परतायचं आहे, पण वाटेत एकदा थांबा. विसाव्या शतकाचा उत्तरार्ध, जत्रेचं कुठलंही गाव, देवळाबाहेरची भिंत. गुलाबी कागद, जाड काळी अक्षरं, कोपऱ्यातून खळ ओघळलेली. तळाशी कोरी पट्टी सोडलेली; तिथे गावाचं नाव आणि वेळ शाईनं हातानं लिहिलीय, कारण एकाच छपाईत सगळा हंगाम काढायचा असतो. सुपारी आली त्या गावात पट्टी भरायची. नाचणाऱ्या बायका इथेही पुष्कळ आहेत, आणि बहुतेकींची नावं इथेही नाहीत. पण माथ्यावर, सगळ्यांत मोठ्या खिळ्यांत, बघा काय जुळवलंय: विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. बाईचं नाव, बापाचं नाव, जात, गाव. जी जात चारचौघांत कुजबुजून उच्चारायची, ती फडाच्या मालकिणीनं जाहिरातीतच घातली. कोणाची बाई म्हणून नव्हे, कोणी पाहिलेली म्हणूनही नव्हे. लंडनच्या भिंतीवर लेनला जे मिळालं नाही, ते या गुलाबी कागदावर आहे. तुम्ही अक्षरांवरून बोट फिरवता. शाई वाळलेली आहे.

बोटांत सरकी रुतते. डोळे उघडा.

टपरी. चहाचा कप गार झालाय. फ्लेक्सवरची नऊवारीतली बाई अजून एक पाय उचलून उभी आहे. आता तुम्ही तो पाय वेगळ्या नजरेनं बघता. कापड हाताळता, सूत नाही, चिंधी नाही, गुळगुळीत प्लॅस्टिक. एवढ्या कापसाच्या मुलखात जाहिरातीला कापसाचा धागा लागत नाही. टपरीवाल्याला विचारता, "दादा, ही बाई कोण?"

"नाचनारी हाय ना भाऊ."

"नाव काय तिचं?"

"नाव कायले पाह्यजे? नऊले या, दिसनच."

तुम्ही खाली वाकून तळचा मोबाईल नंबर वाचता आणि फिरवता. तीन रिंगा होतात. मागे छपाईच्या मशीनची घरघर ऐकू येते. तुम्ही वरवटच्या चौकातला फ्लेक्स, लावणीचा कार्यक्रम, असं सांगून बाईचं नाव विचारता.

"नाव मॅटरमध्ये नव्हतं भाऊ. त्यायनं शुभेच्छुकाची लिस्ट देल्ली, तेवढी टाकली."

"आणि फोटो?"

"फोटो नेटवरून घेतला. लावणीचा असला का आम्ही तोच टाकतो. येनारी बाई दुसरीच हाय."

फोन ठेवल्यावर तुम्हाला न्यूयॉर्कच्या छापखान्यातली फळी आठवते, आणि तिच्यावरचा तो ठसा.

ट्रॉली केव्हाच निघून गेलीय. बाभळीवरचे पुंजके वाऱ्यानं हलताहेत. शेगावची एसटी वळून उभी राहते आणि कंडक्टर तुमच्याकडे बघून घंटी वाजवतो. कार्यक्रम रात्री नऊला आहे, त्यानंतर परतायला गाडी मिळेल न मिळेल. तुम्ही हातानंच त्याला पुढे जायची खूण करता, सरकी खिशात टाकता आणि दुसरा चहा सांगता. रात्री ती आली की तिलाच विचारायचं, तुमचं नाव काय, बाई.